सरासरी

रेकॉर्ड बिघडलेली आहे, असंच शेफालीला पहिली चार मिनिटं वाटत राहिलं. मधूकाकांच्या दिवाणखान्यात ती जमिनीवर बसली होती आणि भोवती अर्धवट भरलेली खोकी होती. गेली दोन वर्षं भोरमध्ये ती ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होती, ते मधूकाका आणि सुलूकाकू आता पुण्याला मुलाकडे कायमचे निघाले होते. सामानाचे तीन ढीग झाले होते, न्यायचं, द्यायचं आणि टाकायचं. एखादी वस्तू एका ढिगातून दुसऱ्यात गेली की नवराबायकोत पाच मिनिटांचा अबोला होत होता. रेकॉर्डप्लेअर टाकायच्या ढिगात होता. "चालतोय का बघ जरा, तू सायन्सवाली," असं म्हणून मधूकाकांनी तो तिच्यापुढे सरकवला आणि त्याच ढिगातली एक रेकॉर्ड काढून दिली. तिचं वेष्टन कसरीने खाल्लं होतं. अर्धा नारिंगी सूर्य, त्यातून वर आलेला कुणाचा तरी हात आणि इंग्रजी अक्षरांचे शेंडे एवढंच उरलं होतं. वादक कोण, देश कोणता, कळायला काही मार्ग नव्हता.

"बँकेतला एक मित्र परदेशी गेला, त्याने जाताना दिली," मधूकाका म्हणाले. "सत्त्याहत्तर साल असेल. एकदाच लावली. सुलू म्हणाली, सुई अडकलीय."

"अडकलीच होती," सुलूकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "वीस मिनिटं एकच सूर! मला वाटलं, शेजारी पिठाची गिरणी निघाली."

शेफालीचं काम शिरवळच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासण्याचं. तराजू, दाबमापक, तापमापक. यंत्र जे सांगतं ते खरं आहे का, हे दुसऱ्या, अधिक खऱ्या यंत्राला विचारायचं आणि जमलं तर वर हिरवी चिठ्ठी डकवायची. त्यामुळे स्पीकरमधून हेलकावणारा सूर आला तेव्हा तिने सवयीने आधी यंत्रावर संशय घेतला. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवून मिनिटभर फेरे मोजले. तेहतीस आणि थोडे वर. यंत्र निर्दोष होतं. मग तिने मोबाईल काढला, सुराची कंपनं मोजणारं ॲप उघडलं आणि स्पीकरसमोर धरलं. आकडा ठरेना. तीनशे सत्तर, एकाहत्तर, पुन्हा सत्तर; काटा लाल भागातच डुलत राहिला. तेव्हा तिला कळलं की बिघाड कशातच नाही. दोन ऑर्गन वाजत होते, जवळजवळ एकाच सुरात, एकाचा सूर दुसऱ्याहून केसभर वर. असे दोन सूर एकत्र आले की ते कधी एकमेकांना उचलून धरतात, कधी खोडतात, आणि त्यातून एक सावकाश लाट तयार होते. हे गणित तिने एम.एस्सी.ला कितीदा सोडवलं होतं. दोन कंपनसंख्यांची वजाबाकी केली की सेकंदाला किती लाटा ते मिळतं. उत्तर सापडल्यावर ती सुई उचलणारच होती, पण तेवढ्यात वजाबाकी बदलली. दोघांपैकी एक वादक आपला सूर हळूहळू लांब नेत होता. सेकंदाला एक लाट होती ती दोन झाली, चार झाली, मग मोजता येईना. सहाव्या मिनिटाला ढोल आले, सात मात्रांचे. शेफाली आठवर जायची आणि दर वेळी पायरी चुकल्यासारखी घसरायची. नदीच्या पलीकडून कुणी हाक मारावी तसा एका माणसाचा आवाज आला आणि शब्द न कळताच विरला. गिटार उलटी वाजवल्यासारखी मागे मागे सरकत होती. आणि या सगळ्याच्या तळाशी ते दोन सूर, एकमेकांना न मिळता, एकमेकांना न सोडता.

आजवर शेफालीचं ऐकणं म्हणजे चूक पकडणं होतं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांच्या आधी ती म्हणायची, गंधार चढला. आणि तो चढलेलाच असायचा. वर्गातल्या मैत्रिणी तिच्यासमोर गुणगुणायला घाबरत. तिला त्याचा अभिमान होता. या रेकॉर्डमध्ये तिच्या हिशेबाने पहिल्या क्षणापासून सगळंच चुकलेलं होतं आणि तरी तिला उठवत नव्हतं. पाठीच्या कण्यात, दातांच्या मुळाशी काहीतरी हलत होतं. एकोणिसाव्या मिनिटाला तो लांब गेलेला सूर परत जवळ येऊ लागला. लाटा मंद झाल्या, आणखी मंद झाल्या, आणि शेवटी दोन्ही सूर तंतोतंत मिळाले. ॲप हिरवं झालं. सूर आरशासारखा गुळगुळीत, स्थिर उभा राहिला, आणि त्याच क्षणी शेफालीला वाटलं, आपल्या शेजारी बसलेलं कुणीतरी उठून गेलं. इतकं खरं वाटलं की तिने वळून पाहिलं. शेजारी पितळी डब्यांचं खोकं होतं. मग जबड्यातली ती थरथर कुठली, हे तिला आठवलं.

मार्गासनीच्या देवळात तात्या पेटी वाजवत तेव्हा पाच-सहा वर्षांची शेफाली पेटीच्या लाकडी कुशीला गाल लावून बसायची. सोनबातात्या तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. दिवसा भातशेती, गुरुवारी संध्याकाळी भजन. पेटी जुनी होती, दुहेरी सुरांची. म्हणजे एक पट्टी दाबली की आत पितळेच्या दोन जिभा एकाच वेळी थरथरत. गाल लावला की ती थरथर हाडात शिरायची, आणि तिच्यात एक झोका असायचा, जणू पेटीच श्वास घेत होती. दर वर्षी भात झोडून झालं की तात्या पेटी उघडायचे. पावसाच्या दमटपणाने जिभांचे सूर हललेले असत. बारीक कानस घेऊन, डोळे मिटून, एकेक जीभ जरा जरा घासून ते त्या पुन्हा लावायचे. बनाकाकी म्हणायच्या, "बघा, सवतींचं भांडान मिटवाय बसलंत." तात्या हसायचे. ते काय ऐकत होते आणि कुठे थांबत होते, हे शेफालीने कधी विचारलं नाही. पुढे ती पुण्याला शिकायला गेली, ध्वनिशास्त्राचा पेपर घेतला, आणि तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत घरी आली ती मोबाईलमध्ये हे ॲप घेऊन.

आता दिवाणखान्यात बसल्या बसल्या तिला त्या दोन दुपारी जशाच्या तशा दिसू लागल्या. देवळाच्या ओसरीवर पेटी उघडी. तिने पहिल्या दिवशी सदतीस पट्ट्यांचा तक्ता केला: पट्टी, मिळालेला आकडा, बरोबर आकडा, चूक. एकही पट्टी हिरवी नव्हती. तात्या तक्त्याकडे बघत राहिले. त्यांना आकड्यांचा अर्थ लागत नव्हता, पण चूक हा शब्द वाचता येत होता, आणि तो सदतीस वेळा होता. "सगळ्याच?" त्यांनी विचारलं. "सगळ्याच, तात्या," ती उत्साहाने म्हणाली होती. "दोन जिभा एका सुरात पाहिजेत ना, इथे कुठेच नाहीत." तात्या म्हणाले, "पन पोरी, पानी जरा हलाय लागतं. हललं न्हाई तर ते डबकं." तिने त्यांना वही उघडून दोन लाटांची आकृती काढून दाखवली होती. प्रेमाने, समजावून. मग दोघं कामाला लागले. कानस त्यांच्याच हातात होती. शेफाली एका जिभेखाली कागदाची पट्टी सरकवून तिला गप्प करायची, दुसरी वाजवायची, आणि स्क्रीनकडे बघून म्हणायची, अजून थोडं; अजून; बास. चौऱ्याहत्तर जिभा. चौऱ्याहत्तर वेळा हिरवं. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना तात्यांनी भाता मारून काळी तीनचा षड्ज धरला आणि तो सुरीने कापल्यासारखा सरळ निघाला. ओसरीवर जमलेले लोक म्हणाले, नवीनच वाटतीया की! तात्या म्हणाले, "आमच्या शेफीनं केलं." त्यांनी ते खरोखर कौतुकाने म्हटलं होतं, या गोष्टीचा विचार तिला सर्वांत नकोसा वाटला. पुढच्या शिमग्यापर्यंत पेटी गोरख वायरमनच्या मांडीवर गेली होती. तात्यांचा गुडघा दुखतो, मांडी घालवत नाही, असं घरून फोनवर कळलं. तिने गुडघ्यासाठी तेल पाठवलं. आणि दर सुट्टीत ते गुडघे पायऱ्यांवरून भाताची पोती उतरवताना पाहूनही तिला, जी दशांशाच्या तिसऱ्या घरातला फरक सोडत नसे, तिला त्यात काही विसंगती दिसली नाही.

"झाली का तुझी गिरणी?" सुलूकाकू हात पुसत बाहेर आल्या. "अगं, डोळे का असे लाल? कसरीची धूळ गेली असेल. मेलं ते आधी बाहेर टाका म्हटलं होतं."

"मी घेऊ ही? प्लेअरपण?"

मधूकाकांनी रेकॉर्ड उलटसुलट करून पाहिली आणि जरा गंभीर झाले. "घे. पण ती आम्ही गेल्यावर लाव. हिला वाटेल, मी तुला फितवलं."

त्या आठवड्यात भोर वेगळंच ऐकू येऊ लागलं. स्टँडवर दोन एसटी शेजारी शेजारी धडधडत उभ्या असल्या की त्यांच्यामध्ये तिसरी, कुठेच नसलेली एक गाडी जवळ येत, लांब जात राही. कारखान्यात हवेचे दोन पंप होते. त्यांची घरघर अशी एकमेकींत शिरून निघे, की शेफाली हातातली हिरवी चिठ्ठी तशीच धरून उभी राहायची आणि मग कुणीतरी विचारायचं, मॅडम, यात काही गडबड आहे का? ती रोज रेकॉर्ड लावायची. सात मात्रा आता पायांना कळू लागल्या होत्या. शेवटचा तो मिळालेला सूर आला की ती सुई उचलायची. तो तिला सोसवत नव्हता. शुक्रवारी तिने ट्रंकेतून ती जुनी वही काढली. तक्ता होता. म्हणजे मूळ आकडे आहेत, परत लावता येईल, असं वाटून तिने घाईने पान उलटलं. मग तिने आकडे वाचले आणि ती पलंगावर बसली. तक्ता करताना दोन्ही जिभा एकत्र वाजत होत्या. ॲपने जो आकडा दिला तो दोघींच्या मधला होता. काळी तीन, तीनशे सत्तर पूर्णांक नऊ. एक जीभ सत्तर आणि दुसरी एकाहत्तर पूर्णांक आठ असेल, तरी हाच आकडा. साडेसत्तर आणि एकाहत्तर पूर्णांक तीन असेल, तरी हाच. नंतर कागद सरकवून एकेक जीभ वेगळी वाजवली, तेव्हा सुरुवातीचा आकडा लिहावा असं तिला वाटलं नव्हतं. जो पुसायचाच आहे तो कशाला लिहायचा? तिने सदतीस सरासऱ्या जपून ठेवल्या होत्या, आणि तात्यांनी डोळे मिटून वर्षानुवर्षं जे लावलं होतं ते अंतर तेवढं तिच्याकडे नव्हतं. पण तात्यांकडे असेल. कानात असणारच. या एका आशेवर तिने रेकॉर्डमधला तो वीस मिनिटांचा तुकडा मोबाईलमध्ये उतरवून घेतला, आणि रविवारी सकाळची गाडी धरून, चेलाडी फाट्यावर वेल्ह्याची एसटी बदलून ती मार्गासनीला उतरली.

अंगणात ऊन चांगलं वर आलं होतं. तात्या वालाच्या शेंगा सोलत बसले होते, गोणपाटावर, चक्क मांडी घालून. शेफालीने त्या मांडीकडे पाहिलं, आणि तात्यांनी तिला पाहताना पाहिलं.

"सांगून यायचं न्हाई व्हय गं?" बनाकाकी दारातून म्हणाल्या. "आता कालच्या भाकरीचा चुरा खातीस का? भोरात ऱ्हाऊन पार वाळली बघा पोरगी. मोजमापं करून जेवती जनू."

"काकी, तात्यांना काहीतरी ऐकवायचंय."

काकींनी पदर खोचला आणि तांब्या तिच्या हातात देताना आवाज उतरवला. "ऐकीव. काय बी ऐकीव. तीन वर्सं झाली, गोरख घरी येऊन हात जोडून गेला, मंडळी येऊन गेली. देवळाम्होरनं जायचं तर मागल्या आळीनं जातूय ह्यो मानूस. तुज्यानं पेटीवर बसला, तर बघ बाई."

शेफाली तात्यांसमोर गोणपाटावर बसली. एसटीत तिने वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. "तात्या, माझं चुकलं होतं," ती म्हणाली. "पेटी चुकीची नव्हती. दोन जिभांत अंतर असतं ते मुद्दाम ठेवायचं असतं. जगात लोक ठेवतात. तुम्ही म्हणाला होतात ते खरं होतं."

तात्यांनी शेंगेतून दाणे काढले, सुपात टाकले. "कोन म्हनतं?"

"हे ऐका." तिने त्यांच्या डोक्यावर घाईत वाकडेच हेडफोन चढवले. बनाकाकी दारातून म्हणाल्या, "द्राक्षाला फवारा माराय चालल्यागत दिसतंय ध्यान." तात्यांना ते ऐकू गेलं नाही. शेफालीने मोबाईल सुरू केला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला आवाज ऐकू येत नव्हता, पण घड्याळ दिसत होतं, आणि कोणत्या मिनिटाला काय येतं ते तिला पाठ होतं. दुसऱ्या मिनिटाला तात्यांचे हात थांबले. पाचव्या मिनिटाला ते म्हणाले, हेडफोनमुळे जरा मोठ्यानेच, "दोन हाईत. एक सरकाय लागलाय." बरोबर त्याच जागी, जिथे तिला ॲप लागलं होतं. सहाव्या मिनिटाला त्यांच्या अंगठ्याने गोणपाटावर ठेका धरला. त्यांनी सात मात्रा दुसऱ्या फेऱ्यालाच पकडल्या, तिला त्यासाठी तीन दिवस लागले होते. मग त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. लाटा जोरात होत होत्या. तात्यांनी डोळे मिटले, मान किंचित वाकडी केली. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर बारीक घासू लागली, कानस धरल्यासारखी. ते बघून शेफालीला वाटलं, झालं, आठवलं त्यांना. ती थांबली नाही. पिशवीतून वही आणि नवी कानस काढून तिने गोणपाटावर ठेवली. वीस मिनिटं पुरी झाल्यावर तात्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ सुपातल्या दाण्यांवर हात फिरवत राहिले.

"वाजिवनारं मोठी मान्सं हाईत," ते म्हणाले.

"तात्या, आपण पेटी परत लावू. तुम्ही सांगा, मी जिभा घासते. माझ्याकडे तक्ता आहे, पण त्यात..." तिने वही उघडली आणि जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं, काही न लपवता: दोन्ही मिळून आकडा आहे, वेगवेगळा नाही.

तात्यांनी तक्त्यावर नजर टाकली. "म्हंजी दोघी मिळून कुठं व्हत्या ते हाय. एकमेकीपास्नं किती लांब व्हत्या, ते न्हाई."

"नाही. ते तुमच्या कानात आहे."

"व्हतं," तात्या म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. ते तिला समजावत होते, तिने त्यांना ओसरीवर समजावलं होतं तसंच, हळू, प्रेमाने. "गुडगा बिडगा काय न्हाई, तुला ठावं हाय. पेटी चांगली झाली, खोटं कशाला बोलू. पन तिच्यासंगं माजा कान बी लागला गं. सुरावर. आदी मला ती हलती लाट ग्वाड लागायची. आता जरा हललं की डोळ्याम्होरं तुजा मोबाईल येतो, तांबडा. भजनात गेलो, तर गानाऱ्या हनुमंताचा आवाज उतरल्याला दिसतो, टाळ सुरापास्नं वायला दिसतो, देवळातली घंटा वायली. समद्यांचं चुकतंय असं वाटतं. देवाम्होरं बसून मान्सांच्या चुका मोजू व्हय? म्हनून जात न्हाई."

"पण मी आता सांगतेय ना, ती चूक नव्हती."

"तवा बी तूच सांगितलं व्हतंस, पोरी."

दारात बनाकाकींच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. शेफालीने उगीचच एक शेंग उचलली, सोलली, दाणे तिच्या हातातच राहिले. तात्यांना तिची दया आली असावी. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग मोबाईलकडे बोट दाखवलं.

"ह्ये तू एवढं लांबनं घेऊन आलीस, तर खरं सांगतो. आदीचं समदं ऐकताना मला कससंच हुत व्हतं. कवा एकदा घासून मिळवतो असं हुत व्हतं. पन शेवटाला ते दोघं लागलं बघ. एकदम गप, लख्ख. तवा लई बरं वाटलं." त्यांनी हेडफोन स्वतःच उचलून डोक्यावर चढवले, या वेळी सरळ. "तेवडाच तुकडा परत लाव."

तिने तो एकोणिसाव्या मिनिटावर नेऊन लावला. तात्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, घासणारी बोटं थांबली, आणि उन्हात डोळे मिटून ते पहिल्यांदा हसले. तुकडा संपला की ते डोळे न उघडता बोट वर करत, आणि ती पुन्हा लावत होती.